अर्नाळ्याला गेलेलं आमचं बावखल

आमचं बावखल अर्नाळ्याच्या कोळणीने विकत घेतलं तेव्हा मी परसात केळीची वाळलेली पानं कापत होते, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. तिनेच कुंपणापाशी टोपली उतरवून मला फोन दाखवला. फोनवर आमच्या बावखलाचा फोटो होता, खाली तिचं नाव, नावापुढे हिरवी बरोबरची खूण. "टीचर," ती म्हणाली, "पानी तुमचं, पन बावखल आता माजं." मी हातातला कोयता खाली ठेवला. रागाच्या वेळी माझ्या हातात काही असलेलं बरं नाही, एवढं मला साठ वर्षांत कळलेलं आहे.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे मला ते सांगायला आवडतंही. वाडीत खणलेलं मोठं पाणवठ्याचं तळं म्हणजे बावखल. विहिरीहून रुंद, गावतळ्याहून लहान. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आमची केळी आणि नारळ जगतात ते त्याच्याच जोरावर. नंदाखालला आमच्या घरामागे जे बावखल आहे ते चार घरांचं मिळून आहे. कोणी कोणत्या दिवशी पाणी घ्यायचं हे पूर्वापार ठरलेलं, आणि त्याबरोबर मे महिन्यातला गाळही ठरलेला. पाण्यात वाटा असलेल्या प्रत्येक घरातून एकाने गाळात उतरायचं. नाही जमलं तर आपल्या जागी बदली माणूस उभा करायचा. बदली दिल्याशिवाय कोणाची सुटका नाही, मग तो आजारी असो की रुसलेला. हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच कोणाला मोडता आलेलं नाही.

निदान पूर्वी येत नव्हतं. घरोघर नळ आले, बोअरवेल आल्या, मग मे महिन्यात फावडं घेऊन यायला कोणालाच सवड होईना. बारा-पंधरा वर्षं गाळ निघाला नाही. पाणी हिरवं झालं, डास झाले, आणि एक दिवस माझ्या धाकट्या भावाने जेवताना सांगून टाकलं की बावखल बुजवायचं. भरणी करायची आणि त्या जागेवर त्याच्या मुलीसाठी घर बांधायचं.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन विरारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती. चार वर्षांत तिने तीन घरं बदलली होती. दरवेळी मालकाला अचानक स्वतःचा मुलगा आठवायचा. ती कंप्युटर इंजिनिअर, काम घरून करायची, आणि फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर सतत कोणीतरी फरशा फोडत असल्यामुळे दिवसभर आमच्या ओटीवर येऊन बसायची. मला मूलबाळ नाही. त्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्याबरोबर मी गेले होते आणि वर्गाबाहेर तिच्यापेक्षा जास्त मी रडले होते. तिला घर हवं यावर माझं काही म्हणणं असणं शक्यच नव्हतं.

तरीही मी सही करत नव्हते. चारही घरांनी कागदावर सह्या करायच्या होत्या. दोन घरांनी लगेच केल्या. आमच्या घराच्या दोन लागणार होत्या, भावाची आणि माझी. पलीकडचे थोरले काका, म्हणजे वाटेकऱ्यांत सगळ्यात वयस्कर, म्हणाले, "टीचरने केली की मी करीन." म्हणजे गाडी माझ्यापाशी येऊन अडली. मी त्याच बावखलात पाठीला दोन सुके नारळ बांधून पोहायला शिकले. माझी आई त्याच काठावर दुपारची पाच मिनिटं पाय सोडून बसायची, आणि तिला अख्ख्या दिवसात बसलेली मी तेवढीच पाहिली आहे. मला ते बुजवायचं नव्हतं. पण कोणी कारण विचारलं की मी भडकायचे, कारण घर नसलेल्या मुलीसमोर सांगण्यासारखं ते कारण नव्हतं.

अशा दिवसांत भाचीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ॲप काढायचं ठरवलं. परदेशात म्हणे लोक फोनवरची चित्रं विकत घेतात. माकडांची, मांजरांची, टोपी घातलेल्या माकडांची. मी तिला विचारलं, "चित्र तर सगळ्यांना फुकट दिसतं, मग विकत काय घेतात?"

"मालकी, आत्या."

"माकडाची?"

"चित्राची."

"म्हणजे कशाची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वर्गात पृथ्वी फिरते हे समजावताना मुलांकडे जशी बघायचे तशीच. तिला इथलं काहीतरी विकायचं होतं. किल्ल्याचे फोटो सगळ्यांकडे होते, समुद्राचेही होते. भाऊ बाजूला बसून भरणीच्या ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होता. माझं टाळकं फिरलं होतं. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "बावखलं घाल तुझ्या ॲपात. बुजवायच्या आधी फोटो तरी राहतील."

मी टोमणा मारला होता. भाची मात्र वही काढून लिहायला लागली.

पुढचे तीन महिने मी तिच्या स्कूटरवर मागे बसून वसई पालथी घातली. हातात खुणा केलेला लांब बांबू, खोली मोजायला. रस्त्यात लोकांना वाटायचं की मी कोणाच्या तरी मांडवाला निघाले आहे. ॲपवर प्रत्येक बावखलाचं एक कार्ड असणार होतं; त्याच्या पुढचा फोटो भाची काढायची आणि मागची माहिती मी लिहायचे: नाव, खोली, काठावरची झाडं, आतले मासे आणि त्या बावखलाची एखादी गोष्ट. गोष्टी भरपूर निघाल्या. एका बावखलात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव पडला होता आणि त्याला बाहेर काढणाऱ्या मुलीशीच पुढे त्याच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. एकात कोणाची तरी म्हैस पाच तास बसून राहिली आणि तिच्या मालकाने शेवटी काठावरच डबा मागवला.

लोक आमच्यावर संशय घ्यायचे. काहींना आम्ही बिल्डरची माणसं वाटायचो, काहींना महापालिकेची. होळी गावात एका भाजीवाल्या बागायतदाराने तर पाण्याचा पाइप आमच्यावर रोखला. मी स्कूटरवरून उतरून त्याला त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि सातवीत भूगोलात पडलेले गुण सांगितले. त्याने पाइप खाली केला, शहाळी दिली, आणि निघताना हळूच म्हणाला की फोटो पुन्हा काढा, या कोपऱ्यात माझा केळीचा घड छान आलाय.

दिवाळीनंतर ॲप सुरू झालं. चालतं की नाही हे बघायला भाचीने सगळ्यात पहिलं कार्ड आमच्याच बावखलाचं टाकलं, आणि त्याची किंमत एका चांगल्या पापलेटाइतकी ठेवली. तेच अर्नाळ्याच्या कोळणीने घेतलं. ती तीस वर्षं आमच्या दारावर मासळी आणते. आमच्या काठावर टोपली उतरवायची, मासळीवरचं गोणपाट बावखलात भिजवायचं, पाय धुवायचे, आणि मग मला भाव सांगायचा, ही तिची रीत. तिच्या टोपलीवर पैसे घ्यायचं चौकोनी स्टिकर आमच्या गावात सगळ्यात आधी लागलं होतं. मुलाने तिला ॲप दाखवलं आणि तिने पहिल्याच फोटोत आपला भिजवायचा दगड ओळखला. "बाकी कोन घेल," ती म्हणाली, "मीच घेते."

माझा राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी भाचीने मला समजावलं की तिने फक्त चित्राची मालकी घेतली आहे. मी ते कोळणीला समजावलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग विचारलं की तिचं गोणपाट आता तिच्या पाण्यात भिजतंय की माझ्या.

नाताळात आखाती देशातली आणि कॅनडातली आमची माणसं सुट्टीवर आली, आणि ॲपने उचल खाल्ली. बाहेर राहणाऱ्या माणसाला आपल्या वाडीतलं बावखल फोनवर दिसलं की त्याचं काळीज कसं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मिस्सा म्हणजे आमची उपासना; ती संपली की चर्चच्या आवारात घोळके जमायचे. कोणाचं बावखल कोणी घेतलं, कोणाच्या आजोळचं किती चढलं. दोन साडू एकाच बावखलासाठी बोली लावत राहिले आणि त्यांच्या बायकांनी मधे पडून ते तिसऱ्यालाच देऊन टाकलं. फादरनी प्रवचनात सांगितलं की निदान प्रार्थनेच्या वेळी तरी बावखलं बंद ठेवा. सगळे हसले, आणि माझ्या शेजारच्या बाईने पर्समधून फोन काढून खरंच बंद केला.

मीही चढले होते, खोटं कशाला बोलू. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, टीचर, आमच्या कार्डावर अजून दोन ओळी लिहा ना. निवृत्त झाल्यावर मला कोणी काही विचारायचं बंद केलं होतं. त्या तीन-चार महिन्यांत मी पुन्हा मान ताठ करून चालत होते, आणि भाऊ सहीचा कागद कपाटातून काढत नव्हता. त्याला वाटत होतं, मुलीचं ॲप असंच चाललं तर ती स्वतःच कुठेतरी घर घेईल.

मग मे उजाडला, आणि थोरल्या काकांनी सगळी गंमत केली.

थोरले काका पंच्याऐंशीच्या पुढचे. ॲप, कार्ड, बोली या गोष्टी त्यांच्यापर्यंत कानोकानी पोचल्या होत्या. एका सकाळी ते काठी टेकत आमच्या ओटीवर आले आणि भाचीला विचारलं, "आपलं बावखल आता अर्नाळ्याच्या कोळणीचं ना?"

"कार्ड तिचं आहे, आजोबा."

"मग गाळ काढायला तिला निरोप कोणी दिला?"

भाची समजावू लागली. मालकी चित्राची आहे, पाण्याची नाही, गाळाची तर मुळीच नाही. काका शांतपणे ऐकत होते. आमच्या बोलीत ते जे म्हणाले ते मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे, त्यामुळे लांबलं आहे: नाव लावायचं आणि गाळाला यायचं नाही, असं बावखल आमच्या गावात कधी नव्हतं. आणि त्यांनी मलाच सांगितलं की निरोप टाक.

ॲपवर मालकाला निरोप धाडायची सोय होती. मी थट्टा म्हणून लिहिलं: रविवारी सकाळी गाळ काढायचा आहे, फावडं आणावं, न जमल्यास बदली द्यावा. आणि अंगात आलंच होतं म्हणून मी तोच निरोप सगळ्या बावखलांच्या सगळ्या मालकांना धाडला. भाचीने डोक्याला हात लावला. ती म्हणाली, आत्या, लोक ॲप काढून टाकतील.

रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो तर कोळीण काठावर उभी. बरोबर दोन सुना, तीन फावडी, एक नवंकोरं घमेलं. तिने लुगडं वर खोचलं, आपल्या दगडावर पाय ठेवला, आणि सरळ कमरेपर्यंत त्या हिरव्या पाण्यात उतरली. पंप लावून पाणी कमी करायलाही आम्हाला सुचलं नव्हतं.

भाऊ ओटीवर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. परक्या गावची बाई आपल्या बावखलात गाळ उपसते आहे आणि घरचा पुरुष काठावर उभा आहे, हे आमच्याकडे चालत नाही.  तो आत जाऊन शर्ट बदलून आला आणि गाळात उतरला. त्याच्यामागे भाची, तिचा नवरा, बाकीच्या घरांतली माणसं. मी पण उतरले. गुडघे दुखत होते, तरी उतरले. काका काठावर खुर्ची टाकून कोण दम खातंय ते मोजत होते.

दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे झाले. गाळात दोन पितळी कळश्या मिळाल्या, एक चप्पल, आणि काठाच्या दगडांत अडकलेली भावाची तिसरीतली पाटी, जिच्या चौकटीवर त्याने खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं. ती मीच बावखलात फेकली होती, पाढे म्हणत नव्हता म्हणून. पाटी धुता धुता तो म्हणाला, "पन्नास वर्षांपूर्वी मी मार खाल्ला तो या पाटीचा." मी म्हटलं की मार आईने दिला, मी फक्त पाटी फेकली. त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या, सुका जवळा आणि कैरी, असं जेवण झालं. कोळीण आमच्या स्वयंपाकघरात तीस वर्षांत पहिल्यांदा आत येऊन बसली.

पुढचे तीन रविवार फोनवर फोटो येत राहिले. दुबईत नोकरी करणाऱ्या मालकाने आपल्या मेहुण्याला बदली म्हणून पाठवलं. होळी गावच्या बागायतदाराच्या बावखलाचं कार्ड कांदिवलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्या खरंच गमबूट घालून आल्या आणि बागायतदाराने त्यांच्यासाठी काठावर लाकडी पाट मांडला. सगळ्या बावखलांचा गाळ निघाला असं नाही. बऱ्याच जणांनी निरोप वाचून दुर्लक्ष केलं, काहींनी मला वेड्यात काढलं. पण जेवढा निघाला तेवढा निघाला.

पावसाळ्यात ॲप अगदी शिगेला पोचलं. आमच्या बावखलात पाणी वरपर्यंत भरलं, तळ दिसेल इतकं स्वच्छ, आणि भाचीने नवा फोटो टाकला. कॅनडातून एका माणसाने त्या कार्डासाठी कोळणीला जी रक्कम देऊ केली ती ऐकून माझ्या भावाने चहाचा कप खाली ठेवला. तो माणूस आमच्याच गल्लीत वाढलेला, आमच्या बावखलात पोहलेला. सगळ्यांनी तिला सांगितलं, दे. मीही सांगितलं. ती म्हणाली, "बघते." आणि तिने दिलं नाही. संध्याकाळी शेवटचा बोंबीलही विकूनच घरी जाणारी बाई. मला वाटलं भाव आणखी चढायची वाट बघते आहे, आणि मी मनातल्या मनात तिला लोभी म्हटलं.

भाव चढले नाहीत. गणपतीनंतर ते उतरायला लागले आणि नाताळपर्यंत कार्डं पापलेटावरून बोंबलावर आली. परदेशातल्या माकडांनाही तोपर्यंत कोणी विचारेनासं झालं होतं. लोकांच्या लक्षात आलं की आपल्या फोनवर आपणच फोटो काढून ठेवला तर तोही तितकाच हिरवा दिसतो. त्या नाताळात चर्चच्या आवारात लोक पुन्हा मुलांच्या ॲडमिशनबद्दल बोलत होते. भाचीच्या एका मैत्रिणीला बेंगळुरूला नोकरी लागली, दुसरीला बाळ झालं. ईस्टरआधीच्या उपवासाचे, लेंटचे दिवस सुरू झाले आणि त्याच आठवड्यात भाचीने ॲप बंद केलं. सगळ्यांना फोटो उतरवून घ्यायला पंधरा दिवस दिले, एकेकाला स्वतः फोन करून माफी मागितली.

ते झाल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलत बसली आणि रडायला लागली. मी तिला रागावले. मला प्रेम वाटलं की मी रागावतेच. म्हटलं, सव्वा वर्ष तू एवढ्या लोकांना त्यांचं बावखल दाखवलंस, त्यात रडण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "आत्या, फ्लॅटच्या मालकाने पुन्हा नोटीस दिली आहे."

 मी हात धुतले, ओटीवर गेले आणि भावाला म्हटलं, "कागद काढ. मी सही करते."

मी अगदी मनापासून म्हटलं होतं. बावखल मला प्रिय होतं, पण पोर जास्त प्रिय होती, आणि हे ठरवायला मला वर्षाहून जास्त लागलं याची लाज वाटत होती. भावाने कागद आणला. थोरल्या काकांना बोलावलं. मी टेबलाशी बसून कागद सरळ केला आणि सही केली.  मग पेन काकांपुढे धरलं.

काकांनी पेन घेतलं नाही. "कोळणीला विचारलं का?"

भाऊ म्हणाला, "काका, ॲप बंद झालं. तिचं आता काहीच नाही."

"तिने गाळ काढलाय," काका म्हणाले. "तू पण तिच्याच बरोबर काढलास."

कोळीण बुधवारी यायची. बुधवारपर्यंत पेन टेबलावरच राहिलं. ती आली, टोपली उतरवली, गोणपाट भिजवलं, पाय धुतले, आणि मी तिला ओटीवर बोलावलं. भाऊ, काका, भाची, सगळे होते. तिला सगळं सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिकवायचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. मी सांगितलं की ॲप बंद झालं, आता तुझं कार्ड कुठेच नाही. तू दिलेले पैसेही गेले. आणि आम्ही बावखल बुजवतो आहोत, पोरीला घर हवं आहे.

तिने भाचीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पैशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"मंग माज्या जागी बदली कोन?"

काकांनी काठी भिंतीला टेकवली.

"गेल्या साली काका बोल्ले, बदली दिल्याबिगर सुटका नाय," ती म्हणाली. "त्या कॅनडावाल्याला मी फोनवर इचारलं, बाबा, मे मयन्यात येशील काय गाळ काडायला? तो बोल्ला नाय जमनार. मी बोल्ली, बदली धाड. तो हसला. मंग इकू कशी मी?"

मी त्या क्षणी खाली बघितलं. पावसाळ्यापासून मी तिला मनात लोभी म्हणत होते. तीस वर्षं ओळखत असलेल्या बाईला. मला इतकं वाईट वाटलं की मी ते तिथेच बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमी तं सगल्यांनाच ओरडता, टीचर," आणि पदराने तोंड पुसलं.

मग ती भावाकडे वळली. "मी सोडते वाटा. पन कोन तरी घ्या माजं फावडं. तुमी घेता?"

भाऊ माझ्याकडे बघेना, काकांकडे बघेना. पाटी सापडल्यापासून ती त्याने ओटीवरच्या कपाटावर ठेवली होती. तो तिकडे बघत होता. बुजवलेल्या बावखलाचं फावडं घेऊन माणूस काय करणार, हे त्याला जसं कळत होतं तसं आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. बोलली ती भाचीच. "पप्पा, गच्चीवर दोन खोल्या निघतील ना? मला तिथेही चालेल."

"गच्ची गळते," भाऊ म्हणाला.

"मग पत्रे घालू," मी म्हटलं. "एवढं आयुष्य गळक्या वर्गात शिकवलंय मी, मेले नाही."

भावाने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. फाडला वगैरे नाही, तसला तो माणूस नाही. कोळणीला म्हणाला, "फावडं तुझ्याकडेच राहू दे. आज काय आणलंयस?"

तिने भाव सांगितला, आणि मी नेहमीप्रमाणे तो जास्त आहे म्हणून भांडले.

भाची आता गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहते. पत्रे तापतात, दुपारी ती अजून खाली ओटीवरच येऊन काम करते, पण घर तिचं आहे आणि कोणी नोटीस देणार नाही. तिच्या खिडकीतून बावखल पूर्ण दिसतं. या मे महिन्यातही मी निरोप पाठवला. ॲप नसल्यामुळे पोस्टकार्डं आणली आणि हाताने लिहिली, जुन्या पत्त्यांवर. सगळे आले नाहीत. कॅनडातून मात्र तो कार्ड मागणारा माणूस आला. आमच्या गल्लीत वाढलेला, पन्नाशीचा, टक्कल पडलेला. विमानतळावरून सरळ आमच्या दारात उभा राहिला, आणि काठावरच्या कोळणीला विचारलं की उतरायचं कुठून. तिने त्याला आपला दगड दाखवला आणि हातातलं फावडं दिलं.